दारू सोडण्याचा परवाना

दारू विकायची असेल तर सरकार परवाना देतं. साठवायची असेल तर देतं, आणि त्या काळात प्यायची असेल तरी देत होतं. सोडवायची असेल तर मात्र सरकारकडं त्यासाठी कागदच नव्हता. हे मला लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी पदराआड हसले असते. पुढं माझं हसू पार आटलं, पण पोटात एवढं साठलं की या वयात तरी ते सांगून मोकळी होते.

आम्ही तेव्हा पोरांसकट पिंपरीत रेल्वेच्या रुळांपलीकडं पत्र्याच्या चाळीत राहत होतो. मी जुन्नरकडची, सातवी पास, चाळीतल्याच बालवाडीत पोरांना बडबडगीतं शिकवायची. आमचे हे दुष्काळात माणदेश सोडून आलेले आणि चिंचवडच्या एका कंपनीत लेथवर लागलेले. यांचं नाव सांगणार नाही. आमच्यात ती पद्धत नाही आणि उखाण्यात घ्यायचं माझं वय गेलं. माणूस कामाला वाघ होता. अवघड जॉब आला की फोरमन दुसऱ्याकडं बघायचाच नाही, सरळ यांच्या मशीनवर आणून ठेवायचा. फक्त घसा सदा कोरडा.

आधी नदीकाठच्या झाडीत हातभट्टी लागायची. हे तिकडं अंधार बघून जायचे, पोलिसाची शिट्टी वाजली की पळायचे, आणि त्या पळापळीनं निम्मी तरी उतरायची. मग सरकारनं देशीचं दुकान काढायला मंजुरी दिली. दुकानावर हातभर मोठ्या अक्षरांत ‘सरकारमान्य’ अशी पाटी लागली, आत परवान्याला काच आणि काचेला रोज ताजा हार. पिण्याचं परमिट तिथं कुणी विचारायचं नाही. झालं, आता पिणाऱ्याला लपायचं कारणच उरलं नाही. मी भांडायला लागले की हे म्हणायचे, अगं, सरकारला चालतंय, तुला का चालत न्हाई. कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडं मागायची?

एका शिमग्याला दुसऱ्या शिफ्टला हे मशीनवर उभ्या उभ्या पेंगले. हात फिरत्या जॉबपासून दोन बोटांवर होता, फोरमननं मागून कॉलर धरून ओढलं म्हणून पंजा वाचला. चार्जशीट निघाली. लेबर ऑफिसरनी मलाही बोलावून घेतलं. ते माणूस म्हणून चांगलेच होते, मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग सांगितलं की बाई, दिवाळीपर्यंत यांना बिनपगारी ठेवतो. तोवर सरकारमान्य संस्थेतून उपचार घेऊन व्यसन सुटल्याचं प्रमाणपत्र आणा, म्हणजे यांचं मशीन यांचं. नाही आणलं तर बडतर्फी. सरकारमान्य या शब्दावर त्यांनी दोनदा बोट ठेवलं. मला दुकानाचीच पाटी आठवली.

आता सरकारमान्य म्हणजे कुठं? तर येरवडा. आमच्याकडं कुणाला ‘येरवड्याला जा’ म्हटलं की तो अंगावर धावून येतो, कारण तिथं एकीकडं तुरुंग आणि दुसरीकडं वेड्यांचं इस्पितळ. हे म्हणाले, तिथला कागद कंपनीत नेला तर दारुड्याऐवजी येडा म्हणून काढतील. मला पटलं. बेवड्याची बायको म्हणून मी जगत होतेच, वेड्याची म्हणून नव्यानं सुरुवात करायची माझी तयारी नव्हती.

आमच्या चाळीमागं बौद्ध विहार होता आणि विहाराला लागून तीन खोल्या. तिथं एक डॉक्टर राहायचे. वस्तीतलेच, कामगाराचे पोरगे, शिष्यवृत्तीवर शिकलेले. दवाखाना पुढच्या खोलीत, आणि मागच्या दोन खोल्यांत त्यांनी दारू सोडणाऱ्यांच्या खाटा टाकल्या होत्या. उपचार म्हणाल तर साधा. पहिले काही दिवस माणसाचं अंग थरथरतं, भिंतीवर नाही ते दिसतं, तेव्हा डॉक्टर स्वतः उशाशी बसायचे, औषध द्यायचे, कपबशी आपल्या हातानं ओठाला लावायचे. मग सकाळी मागच्या वाफ्यात मेथी-कोथिंबीर लावायला लावायचे आणि संध्याकाळी सगळ्यांना गोल बसवून ज्यानं त्यानं दिवस कसा काढला ते खरं खरं बोलायला लावायचे. त्यांचा एकच नियम होता. शेवटच्या घोटापासून तीन महिने सलग कोरडे गेल्याशिवाय ते कुणाला ‘बरा झाला’ म्हणत नसत. मध्ये एक थेंब गेला की मोजणी पहिल्यापासून. आमदाराचा मेहुणा असला तरी हेच.

मी यांना ओढत तिथं नेलं. पहिला आठवडा यांनी मला माहेरापर्यंत शिव्या घातल्या. नंतर शिव्या थांबल्या, भूक लागायला लागली, आणि एक दिवस हे मेथीची जुडी घेऊन घरी आले आणि ओशाळं हसून म्हणाले, ही मी लावलेली हाय. बाई गं, दागिना आणला असता तरी मी एवढी रडले नसते.

गणपती बसले तोवर यांचे तीन महिने पुरे झाले. डॉक्टर म्हणाले, आता मी लिहून द्यायला मोकळा. पण त्यांच्या कागदाला कंपनी विचारणार नव्हती, कारण त्या तीन खोल्या सरकारमान्य नव्हत्या. तशी मान्यता मिळवायला आम्ही उन्हाळ्यापासूनच निघालो होतो. त्याआधी डॉक्टरांच्या डोक्यात हा विषय कधी आलाच नव्हता. आजारी माणसाला बरं करायला परवानगी कशाला लागते, असं त्यांनी मला खरोखर निरागसपणे विचारलं होतं. शिकलेली माणसं कधी कधी इतकी भोळी असतात की त्यांना एकट्यानं बाहेर सोडू नये. म्हणून मी बरोबर जायची.

पहिल्यांदा गेलो नगरपालिकेत. आरोग्य खात्यातल्या कारकुनानं विचारलं, तिथं माणसं झोपतात का, जेवतात का? हो म्हटल्यावर तो म्हणाला, मग ते लॉज आहे. डॉक्टर म्हणाले, अहो, औषध देतो. तर म्हणे, मग दवाखाना, पण दवाखान्यात झोपता येत नाही. शेवटी झोपणं आणि औषध दोन्ही असलेला एकच छापील अर्ज त्याच्या कपाटात निघाला, तो प्रसूतिगृहाचा. बाळंतिणींच्या खाटा किती, गरम पाण्याची सोय काय, सुईणीचं नाव काय. डॉक्टरांनी सगळीकडं सुवाच्य अक्षरात ‘लागू नाही’ लिहिलं. महिन्यानं अर्ज परत आला. सुईण नेमल्याशिवाय विचार करता येत नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, नेमून टाका एखादी, नाहीतरी यांचा हा दुसरा जन्मच आहे. डॉक्टर हसले नाहीत. त्यांना कागदावर खोटं लिहिण्याची भारी शिसारी.

कारकुनाच्या वरच्या साहेबांना मुळात रोग कोणता तेच कळेना. दारू हा रोग नाही, गुन्हा आहे, असं ते म्हणाले, आणि गुन्ह्याचं खातं वेगळं. त्यांनी आम्हाला पुण्यात दारूबंदीच्या कचेरीत धाडलं. दारूबंदीचं खातं आणि दारूवरचा कर गोळा करायचं खातं एकच. त्या खात्यानं मनापासून दारू बंद केली असती तर पगार कशातून निघाला असता कोण जाणे. तिथं एक वयस्कर अधिकारी होते, गोरेपान, चष्मेवाले, बोलायला मधासारखे. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, तुमच्या रोग्यांकडं पिण्याचं परमिट आहे का?

डॉक्टर म्हणाले, त्यांनी दारू सोडली आहे. त्यांना परमिट कशाला?

साहेब म्हणाले, “परमिट नसताना ते प्यायले असतील तर ते गुन्हेगार आहेत आणि तुम्ही गुन्हेगारांना आसरा देताय. आणि प्यायलेच नसतील तर तुम्ही सोडवताय काय?”

मी बालवाडीतली बाई. पोरांना ‘का’ विचारायची सवय असते आणि मला उत्तर द्यायची. पण हा ‘काय’ ऐकून मी सरळ पिशवी उचलली आणि दार गाठलं. बाहेर येऊन डॉक्टर पायरीवर बसले आणि मला म्हणाले, तर्क चुकीचा नाही हो. मी म्हटलं, डॉक्टर, उठा, नाहीतर आता मीच प्यायला लागेन.

तर मग दारू सोडलेल्या माझ्या नवऱ्याला आम्ही दारू पिण्याचं परमिट काढून दिलं. हसू नका, खरं सांगतेय. त्या परमिटासाठी, या इसमाच्या तब्येतीला दारू आवश्यक आहे, असा डॉक्टरचा दाखला लागायचा. आमच्या डॉक्टरांनी साफ नकार दिला. मग स्टेशनजवळच्या एका डॉक्टरनं मान वर न करता लिहून दिलं. फोटो लागायचा, तो काढला. लग्नानंतर यांचा तो पहिलाच फोटो, केस चापून बसवलेले, मनगटात शेजाऱ्याचं घड्याळ. हे परमिट हातात धरून बघत राहिले आणि म्हणाले, वीस वर्सं प्यालो तवा न्हाई मिळालं, आता सोडल्यावर मिळालं. मी ते कार्ड ट्रंकेत टाकलं. पण नंतर कचेरीत दाखवायला पुन्हा पुन्हा लागायचं, म्हणून ते यांच्याच खिशात राहू लागलं.

फाईल आता हलली, पण भलतीकडं. कुणीतरी शेरा मारला की माणसांना दाराआड ठेवून त्यांच्या डोक्यातलं खूळ काढायचं म्हणजे हे वेड्यांच्या कायद्यात बसतं. त्या कायद्यानुसार खिडक्यांना गज हवेत, कुंपणाला उंची हवी. मध्येच एकानं विचारलं, विहार शेजारी आहे, तिथं पंचशील म्हणतात, त्यात दारू पिणार नाही असं म्हणतात, मग ही धार्मिक संस्था तर नव्हे? त्या वाटेनंही आम्ही एक चक्कर मारून आलो. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, पण आम्हाला थांबून चालणारच नव्हतं. दिवाळी काही फाईलसाठी पुढं जात नाही.

गजांचं मात्र आमच्या वस्तीनं एका रविवारी निपटून टाकलं. आमच्या पट्ट्यात ज्याला त्याला वेल्डिंग येतं. भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून उरलेल्या सळया आल्या, यांचे दोस्त जमले, चहा झाला, ठिणग्या उडाल्या आणि संध्याकाळपर्यंत खिडक्यांना गज बसले. काम बघावं असं झालं होतं. फक्त त्या कारागिरांना गज कशासाठी हवेत ते कुणी नीट सांगितलं नव्हतं. खिडकी म्हणजे उघडायला हवी, पुसायला हवी, असं धरून त्यांनी गजांच्या प्रत्येक चौकटीला बिजागऱ्या लावल्या आणि आतून कडी. आतल्या वेड्यानं कडी काढावी आणि खुशाल बाहेर पडावं. डॉक्टर ते बघून पहिल्यांदा पोट धरधरून हसले.

दसरा झाला आणि कळलं की तपासणीला साहेब येणार. ते जिल्ह्याचे अधिकारी, पुण्याच्या कचेरीतले चष्मेवाले नव्हेत. त्यांची एकच सही, तिथल्या तिथं, आणि मग परवाना. शनिवारी भर दुपारी जीप आली. साहेबांनी खाटा बघितल्या, वाफा बघितला, गज हलवून बघितले. गज उघडले. साहेबांनी ते पुन्हा लावले आणि वहीत ‘गज आहेत’ असं लिहिलं. डॉक्टरांच्या बायकोनं पिठलं-भाकरी केली होती. साहेब म्हणाले, जेवायचं राहू द्या, रिपोर्ट बघू, पुढच्या दौऱ्यात. पुढचा दौरा कधी? तर दिवाळीनंतर, नवीन वर्षात. ही सही दिवाळीआधी झाली नाही तर यांचं मशीन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाणार होतं.

तेव्हा जीपच्या ड्रायव्हरनं यांना बाजूला घेऊन उलगडा केला. आमचे साहेब देवमाणूस, म्हणाला, पैशाला शिवत नाहीत, मिठाईचा खोका देणाऱ्याला हाकलून लावतात. फक्त काम झालं की त्यांच्याबरोबर कुणीतरी बसावं लागतं. एकट्यानं बसणं त्यांना आवडत नाही.

आमच्याकडं ‘बसणं’ म्हणजे काय ते पोरासोरांनाही कळतं. टेबलावर बाटली, समोर कोंबडी आणि दोघांच्या हातात दोन पेले. त्याचाही एक धर्म आहे. पाहुण्याचा पेला भरून आपण रिकाम्या हातानं बसलो तर ते त्याला जेवायला वाढून दारात उभं केल्यासारखं. उठून जाईल तो. बढती मिळाली, पोरगं झालं, मशीन आलं, भावकीचं भांडण मिटलं, सगळं बसूनच साजरं होतं. तेव्हा दारू सोडवायच्या संस्थेला मान्यता द्यायची म्हटल्यावर साहेबांना वेगळं काही सुचावं असं कारण नव्हतं.

डॉक्टरांना हे सांगितलं तर ते लालबुंद झाले. जे मी रोग्याच्या हातातून काढून घेतो ते पाहुण्याच्या हातात ठेवणार नाही, म्हणाले, आणि आत निघून गेले. मला त्यांचा अभिमानही वाटला आणि धरून गदागदा हलवावंसंही वाटलं. तत्त्व त्यांचं होतं, नोकरी आमची जाणार होती. आम्ही अंगणात उभे होतो, ड्रायव्हरनं जीप सुरू केली होती, आणि आमचे हे पुढं होऊन साहेबांना म्हणाले, साहेब, म्हाळुंग्याच्या फाट्यापाशी एक खानावळ हाय, गावरान कोंबडी झ्याक करतात, मी येतो संगं. मी यांच्याकडं बघितलं. यांनी मला डोळ्यांनीच सांगितलं, मी सोडा घेईन. जीप चाकणच्या रस्त्याला लागली.

तिथं काय झालं ते मला यांनी नंतर सांगितलं. बाटली मागवताना मालकानं परमिट विचारलं. साहेबांचं परमिट घरी राहिलेलं. यांचं खिशात होतं. दारू सोडवणाऱ्या संस्थेसाठी काढलेल्या परमिटावर दारू सोडवणाऱ्या संस्थेच्या तपासनिसासाठी बाटली आली. यांनी साहेबांचा पेला भरला आणि आपल्यासाठी सोडा घेतला. साहेबांनी पेला उचलला नाही. शिफारशीचा कागद त्यांच्या बॅगेतून बाहेरच आला नव्हता. हे म्हणाले, साहेब, मला चालत न्हाई, मी तुमी बघितले त्यातलाच पेशंट. साहेब दुखावले.

“मी काय एकट्यानं पिणारा दारुडा वाटलो तुम्हाला?” ते म्हणाले, आणि जायला उठले.

हे प्यायले. किती ते मी विचारलं नाही. साहेबांनी खूश होऊन कोंबडी ओरपली, यांच्या पाठीवर थाप मारली, तुझ्यासारखी माणसं हवीत म्हणाले, आणि तिथंच बाजेवर बसून शिफारस लिहून सही-शिक्का केला.

दिवेलागणीला हे घरी आले. दारातूनच मला वास आला. एका हातात कागद होता आणि हे दाराची चौकट धरून उभे होते, आत यायला घाबरत होते. माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले. ते इथं लिहिणार नाही. शिमग्यापासून दाबून ठेवलेलं होतं सगळं. हे फक्त म्हणाले, वाच. मी कागद वाचला. खाटा समाधानकारक, वाफा समाधानकारक, गज आहेत. आणि खाली शेवटी होतं: ‘संस्थेच्या एका रुग्णाबरोबर प्रस्तुत अधिकाऱ्याने बराच वेळ घालवला. सदर इसम व्यसनातून पूर्ण मुक्त झाल्याचे समक्ष पाहिले.’

मी ते मोठ्यानं वाचलं मात्र, हे मटकन खाली बसले आणि रडायला लागले. वीस वर्षांत शंभरदा प्यायलेले बघितलं होतं, पण पिऊन रडताना मी यांना पहिल्यांदाच बघितलं.

रात्रभर विचार करून सकाळी मी यांना सांगितलं, गप्प बसायचं. साहेब सांगणार नाहीत, ड्रायव्हर सांगणार नाही, मी तर जीभ तोडली तरी सांगणार नाही. परवान्याचा कागद हातात पडला की डॉक्टरांनी लिहून द्यायचं आणि आपण कंपनीत जायचं. एक संध्याकाळ गेली, ती कामासाठी गेली, तिला पिणं म्हणत नाहीत. आजही म्हणेन, माझं काही चुकलं नव्हतं. माझं घर जळत होतं आणि पाणी माझ्या हातात होतं.

शिफारस मी कचेरीत पोचती केली आणि डॉक्टरांना एवढंच सांगितलं की साहेबांनी सही दिली. परवाना दिवाळीच्या तोंडावर आला. डॉक्टर स्वतः बोलवायला आले, पोरासारखे उड्या मारायच्या बेतात. आम्ही गेलो. टेबलावर परवाना होता, लाल शिक्क्याचा. डॉक्टरांनी कोरा कागद पुढं घेतला, पेन उघडलं आणि म्हणाले, पहिलं प्रमाणपत्र यांचं. यांनी एवढ्यात घोट घेतलेला नाही हे मी जाणतो, तरी रिवाज म्हणून विचारतो, शेवटचा कधी?

मी यांच्या पायावर पाय ठेवला.

हे म्हणाले, “साहेबांसंगं. तुमच्या परवान्यापायी.” आणि सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी परवाना उचलला, बघितला, पालथा ठेवला. मग जे व्हायला नको असं मला वाटत होतं आणि व्हावं असंही वाटत होतं तेच व्हायला लागलं. कागदावर खोटं लिहायची ज्यांना शिसारी, ते डॉक्टर खाली मान घालून प्रमाणपत्र लिहायला लागले. वाटलं, वाचलो.

यांनी कागदावर पंजा ठेवला. तोच, मशीनमध्ये जाता जाता वाचलेला.

“नगा लिवू, डॉक्टर. इथं येणाऱ्या परत्येकाला तुमी खरं बोलाया लावता. पयल्याच कागदावर खोटं लिवलं तर उद्या कुनाला काय सांगाल? मला परत भरती करून घ्या. मोजनी पयल्यापासनं.”

मी ओरडले. आपल्या पोरांची शपथ घातली, डॉक्टरांना हात जोडले, तुम्ही दोघं हरिश्चंद्र आणि भांडी मी घासायची का, असं विचारलं. डॉक्टर रडत होते आणि मान हलवत होते. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही कळत नसावं. शेवटी त्यांनी तो अर्धा कागद फाडला आणि नवीन रजिस्टर उघडलं. सरकारमान्य झाल्यावरचा पहिला रुग्ण म्हणून त्यात आमच्या यांचं नाव गेलं.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी बडतर्फीचं पत्र आलं. लेबर ऑफिसर मला म्हणाले, बाई, एवढा एक कागद आणायचा होता हो. मी म्हटलं, साहेब, तो आणला नाही म्हणूनच माणूस सुटला, पण हे तुमच्या फाईलमध्ये बसायचं नाही. त्यांना काही कळलं नाही. मी बालवाडी सोडून भोसरीत पॅकिंगला लागले. हे माघ संपेपर्यंत विहाराशेजारच्या खोलीत राहिले आणि पुढं एका छोट्या वर्कशॉपात जुन्या लेथवर कामाला लागले. तिथला पगार निम्मा होता आणि कॅन्टीन नव्हतं.

यांचा राग माझ्या मनातून जायला फार दिवस लागले. नोकरी घालवल्याचा, माझं न ऐकल्याचा, पोरांची शपथ मोडल्याचा. पण एक गोष्ट खरी. त्यानंतर हे कामावरून कितीही उशिरा आले, पाय अडखळत आले, डोळे लाल घेऊन आले, तरी मी दारात यांच्या तोंडाचा वास घ्यायला गेले नाही. मी विचारायची, जेवलात का? आणि हे सांगतील ते खरं मानून ताट करायची.